शिरढोण ते एडन : काळ्या पाण्यावर गेलेल्या माणसाचा शोध

वाचकहो, गेल्या भाद्रपदातली गोष्ट आहे. तास संपला, वर्ग रिकामा झाला, आणि खालापूर तालुक्यातला माझा एक विद्यार्थी टेबलापाशी घुटमळत उभा राहिला. म्हटलं, "काय रे, काय अडलंय?" तो जरा लाजतच म्हणाला, "सर, आमच्या घरातला एक माणूस काळ्या पाण्यावर गेला होता म्हणतात. त्याचा शोध लागेल का?"

नाव काय, म्हणून विचारले. नाव ठाऊक नाही. कधी गेला? ते ठाऊक नाही. कुठल्या गुन्ह्यासाठी? "दरोड्यात होता म्हणतात," एवढेच. घरात माहिती काय ती आजीला, आणि आजीची सगळी माहिती एका वाक्यात मावणारी. "आमच्यातला एक जन पान्यावर गेला, तो परत आला नाय. त्याची तीथ कुनाला ठावं नाय, म्हनून त्याचा घास अमावसेला." म्हणजे सर्वपित्री अमावास्येला. ज्यांची तिथी माहीत नाही अशा सगळ्या पितरांची सोय आपल्या पूर्वजांनी त्या एका दिवशी करून ठेवली आहे. त्या घरात पिढ्यानपिढ्या एका बिननावाच्या माणसासाठी अंगणात पान ठेवले जाते, आणि कावळ्याची वाट पाहिली जाते.

मी वीसेक वर्षे इतिहास शिकवतो आहे. सनावळ्या, तह, लढाया सगळे सांगतो. पण ह्या साध्या प्रश्नाला मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. त्याला म्हटले, थोडा वेळ दे. ह्या लेखात जे सांगणार आहे, ते मूळचे त्याच्यासाठी जमवलेले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू या. काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते, आणि अंदमान म्हटले की सेल्युलर जेल. वस्तुतः सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १९०६ च्या सुमारास पुरे झाले. अंदमानची वसाहतच मुळी मार्च १८५८ मधली. सत्तावनच्या बंडातील कैद्यांची पहिली तुकडी घेऊन डॉक्टर वॉकर तिथे उतरला. त्यापूर्वी मुंबई इलाख्यातले कैदी जात असत ते पिनांग, मलाक्का, सिंगापूर ह्या बाजूला. काही १८१५ ते १८३७ ह्या काळात मॉरिशसलाही गेले. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हे मोठे देऊळ हिंदी कैद्यांच्या हातांनी उभे राहिले आहे. म्हणजे आपल्या माणसाचा शोध घ्यायचा तर पहिला प्रश्न "कुठे" हा नव्हे, "केव्हा" हा आहे. केव्हा ते कळले की कुठे ते बरेचसे आपोआप कळते.

आणि ही वाहतूक एकेरी नव्हती बरं का! आपले कैदी तिकडे जात, तसे तिकडचे चिनी आणि मलायी कैदी इकडे येत. महाबळेश्वरला अशा चिनी कैद्यांचा एक तुरुंग होता. ह्या लोकांनी तिथे बागा केल्या, भाजीपाला पिकवला, टोपल्या विणल्या. सुटल्यावर काही तिथेच राहिले. तिथला 'चायनामन्स फॉल' हा धबधबा आपण सहलीत पाहतो, फोटो काढतो, आणि नावाची चौकशी न करता मक्याचे कणीस खात परत फिरतो. कँटनच्या बाजूच्या एखाद्या घरातही आपल्या ह्या आजीसारखी एखादी म्हातारी झालीच असेल. असो.

इंग्रजांनी स्वतःच्या देशातले कैदीही असेच पाठवले. १७८८ ते १८६८ ह्या ऐंशी वर्षांत सुमारे १,६०,००० स्त्रीपुरुष कैदी ऑस्ट्रेलियाला नेण्यात आले. एके काळी तिथले लोक हे मूळ लपवीत. आज तेच लोक दप्तरे धुंडाळून आपला कैदी पूर्वज शोधून काढतात आणि त्याचे नाव अभिमानाने सांगतात. त्यांना ते साधते, कारण कैद्याबरोबर कागदही गेला. नाव, वय, गाव, धंदा, गुन्हा, अंगावरच्या खुणा, जहाजाचे नाव, सगळे लिहिलेले आहे. आपल्याकडेही जहाजावर चढवताना अशा याद्या होत. नाव, बापाचे नाव, जात, वय, गुन्हा, शिक्षा आणि ओळखीच्या खुणा. सरकारला माणूस नको होता, पण त्याचे वर्णन हवे होते.

आता मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, की तुझा माणूस शोधण्याआधी ज्याचा माग पुरा लागतो असा एखादा कैदी पाहू. मग कागद कसा चालतो ते कळेल. असा कैदी शोधायला लांब जावे लागत नाही. खोपोलीहून निघून खालापूर, चौक ओलांडून जुन्या पुणे रस्त्याने पनवेलकडे निघा. पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता फुटतो. त्या रस्त्यावर थोडक्या अंतरावर शिरढोण. पलीकडे कर्नाळ्याचा सुळका, अंगठा दाखवल्यासारखा. ह्या शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले.

नाव तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. आद्य क्रांतिकारक. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकाला त्यांचे नाव आहे, १९८४ मध्ये त्यांच्यावर टपालाचे तिकीट निघाले. पण आज मला त्यांच्याकडे पुतळा म्हणून पाहायचे नाही. काळ्या पाण्याचा एक कैदी, आणि त्याच्या मागे राहिलेले एक घर, अशा दृष्टीने पाहायचे आहे.

घर तालेवार होते. आजोबा अनंतराव पेशवाईच्या अखेरीस कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो किल्ला घेतला आणि किल्लेदारी संपली. किल्ला मात्र दारातून रोज दिसत राहिला. मला वाटते, पुस्तकातून कळलेली पारतंत्र्याची व्याख्या निराळी आणि अंगणातून दिसणारी निराळी. मुलगा कुस्तीत, घोड्यावर बसण्यात रमला. इंग्रजी शिक्षण पुरे झाले नाही, पण कारकुनीपुरते आले. प्रथम मुंबईत आणि मग पुण्यात लष्करी हिशेबखात्यात त्याला नोकरी लागली, आणि ती सुमारे पंधरा वर्षे टिकली. सरकारचा पैसा लिहिणारा हा हात पुढे सरकारविरुद्ध रोजनिशी लिहिणार होता.

ह्या नोकरीतला एक प्रसंग सगळे चरित्रकार सांगतात. शिरढोणला आई फार आजारी असल्याचे कळले. रजेचा अर्ज केला. वरिष्ठांनी तो वेळेवर मंजूर केला नाही. शेवटी हा तसाच निघाला. त्या काळी पुण्याहून पनवेलच्या बाजूला यायचे म्हणजे बोरघाट उतरून आपल्याच भागातून यायचे. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये झालेला, रेल्वे १८६३ मध्ये. इतकी सोय झाली होती, पण घरी पोहोचेपर्यंत आई गेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी त्याने पुन्हा रजा मागितली, तीही नाकारली गेली.

इथे थोडे थांबा. माझ्या विद्यार्थ्याच्या घरी तिथी माहीत नाही म्हणून श्राद्ध होत नाही, आणि इथे तिथी माहीत असून होऊ दिले नाही. राज्यकर्त्याचा अन्याय म्हटला की आपण कर, कायदे, गोळीबार ह्यांची मोजदाद करतो. पण माणूस बिथरतो तो पुष्कळदा अशा घरातल्या गोष्टीने. अर्थात एका रजेच्या अर्जावरून बंड झाले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे फार सोपे आहे. पुण्यात त्यांनी लहुजी वस्तादांच्या तालमीत मेहनत केली. न्यायमूर्ती रानडे ह्यांची देशाच्या दारिद्र्यावरची व्याख्याने ऐकली. स्वदेशीचे व्रत घेतले, मित्रांबरोबर शाळा काढली. मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. दख्खनमध्ये माणसे अन्नाविना मेली, आणि हे त्यांनी गावोगाव हिंडून स्वतः पाहिले. त्यांची पहिली पत्नी सईबाई तोवर वारल्या होत्या. दुसरी पत्नी गोपिकाबाई. त्यांना वासुदेवरावांनी लिहायला वाचायला शिकवले, इतकेच नव्हे तर घोड्यावर बसायला आणि शस्त्र धरायलाही शिकवले, असे सांगतात. ह्या बाईकडे मला पुढे पुन्हा यायचे आहे.

फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याजवळ लोणीकंदला माणसे जमली. बहुतेक रामोशी. २३ फेब्रुवारीला शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. मनात होता सरकारी खजिना लुटून सैन्य उभारण्याचा बेत. प्रत्यक्षात हाती लागल्या त्या सावकारांच्या पेट्या. हा सगळा भाग शाळेच्या पुस्तकात असतो, म्हणून मी त्यावरून भरभर जातो.

आपल्या भागाशी संबंध येतो तो मे महिन्यात. त्यांचा उजवा हात दौलतराव नाईक हा माणसे घेऊन कोकणात उतरला, आणि १० आणि ११ मे १८७९ च्या सुमारास पळस्पे व चिखली इथे मोठे दरोडे पडले. लूट दीड लाखाच्या घरात गेली असे सांगतात. पळस्पे म्हणजे शिरढोणचे शेजारचे गाव, हे लक्षात घ्या. ज्या गावांत फडक्यांचे जाणे-येणे, ओळखीपाळखी, त्याच गावांतल्या पेट्या फुटल्या. बंडाचा इतिहास लिहिताना हा धागा आपण सोडून देतो, तो सोडू नये. लूट घेऊन टोळी घाटमाथ्याकडे परत निघाली. पनवेल आणि घाटमाथा ह्यांच्या मध्ये कोणता मुलूख आहे ते कर्जत-खालापूरच्या वाचकाला सांगायला नको. वाटेत मेजर डॅनियलने गाठले, आणि दौलतराव गोळी लागून पडला.

त्यानंतर सगळे विसकटत गेले. वासुदेवरावांनी जाहीरनामा काढला, गव्हर्नर सर रिचर्ड टेंपलच्या डोक्याला बक्षीस लावले, निजामाच्या राज्यात जाऊन रोहिले जमवण्याची खटपट केली. जुलै १८७९ मध्ये कलादगी जिल्ह्यातल्या देवरनावदगी गावी, आजच्या कर्नाटकात, ते तापाने फणफणलेले आणि झोपेत असताना डॅनियलच्या हाती लागले.

पकडले तेव्हा त्यांच्याबरोबर कागद सापडले. रोजनिशी आणि आत्मवृत्त. वाचकहो, हाच कागद खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला, आणि हाच कागद आज आपल्यापुढे त्यांना जिवंत उभा करतो. सरकारने तो इंग्रजीत उतरवून दप्तरात ठेवला, म्हणून तो उरला. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड छापला, त्यात तो वाचायला मिळतो. त्यात वासुदेवराव मोकळेपणाने लिहितात, की मला राज्य हवे आहे आणि माझ्या माणसांचे लक्ष लुटीकडे आहे. ते वाचताना मला नेहमी वाटते, रामोशांनी रोजनिशी लिहिली असती तर त्यांनी काय लिहिले असते? घरी दोन वर्षांच्या दुष्काळातून उरलेली पोरे. त्यांनी पेटीतल्या रुपयाकडे पाहिले तर त्यात आश्चर्य ते काय? पण लिहिणारा एकच होता, आणि बाकीच्यांचे म्हणणे पोलिसांच्या कागदात गेले.

खटला पुण्यात चालला. वकीलपत्र घ्यायला माणसे कचरत होती, तेव्हा सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर महादेव चिमणाजी आपटे, ज्यांनी पुढे १८८८ मध्ये आनंदाश्रम काढला. नोव्हेंबर १८७९ मध्ये निकाल लागला. जन्मठेप, समुद्रापार. हायकोर्टातले अपीलही फेटाळले गेले. मग पुण्याहून ठाण्याच्या तुरुंगात रवानगी झाली. पुणे ते ठाणे ही आगगाडीची वाट बोरघाट उतरून कर्जतवरून जाते. रोज सकाळी ठाण्या-मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या मंडळींनी गाडीच्या खिडकीतून हे एकदा आठवून पाहावे.

जानेवारी १८८० मध्ये 'तेहरान' नावाच्या आगबोटीने त्यांना एडनला नेले. अंदमानला का नाही, असे विद्यार्थी हमखास विचारतात. एडन १८३९ पासून इंग्रजांकडे होते आणि कारभाराने मुंबई इलाख्यातच मोडत होते. विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीतले ते गाव; झाड नाही, गोडे पाणी नाही. अंदमानात दुसरे मराठी कैदी भेटण्याचा संभव. एडनला तो नाही. शिरढोणच्या भातखाचरांत वाढलेल्या माणसाला त्या खडकात एकटा ठेवायचा, ह्या निवडीत मोठा हिशेब होता. एकदा कोठडीचे दार बिजागरीतून उचकटून ते पळालेही. पण उघड्या माळावर लपायला झुडूप नाही. पकडून परत आणले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. वय सदतीस वर्षांचे. मायदेशी कोणी राख आणली नाही.

आता गोपिकाबाई. १८८० पासून तीन वर्षे ही बाई सवाष्ण होती, पण नवरा कधीही परत येणार नव्हता. जन्मठेपीच्या बायकोला आपल्या भाषेत शब्द नाही. विधवा नव्हे, टाकलेली नव्हे, परगावी नोकरीला असलेल्याची बायकोही नव्हे. कुंकू लावायचे ते कोणत्या बातमीच्या आधारावर? आणि पुसायचे ते कोणत्या पत्रावर? नवऱ्याच्या मागे त्या पुष्कळ वर्षे जगल्या. नवऱ्याचे चरित्र आपण लिहिले, वि. श्री. जोशी ह्यांनी तर त्यासाठी आयुष्याचा मोठा काळ दिला. पण गोपिकाबाईंना त्या चरित्रात फार थोडी जागा मिळाली आहे. हा दोष चरित्रकाराचा नव्हे. सरकारी दप्तरात कैद्याच्या बायकोसाठी रकानाच नव्हता.

तरीही एक गोष्ट फडक्यांच्या घराला मिळाली, जी माझ्या विद्यार्थ्याच्या घराला मिळाली नाही. त्यांना तारीख मिळाली. सरकार ज्याला भीत होते, त्याच्या मरणाची नोंद ठेवणे त्याला भाग होते. ज्याला भीत नव्हते त्याचीही नोंद ठेवली, पण घरी कळवण्याची तसदी कोण घेणार? आणि कळवले तरी वाचणार कोण?

हे सगळे सांगून झाल्यावर आम्ही दोघे कामाला लागलो. आजीकडून पिढ्या मोजून घेतल्या. माणूस १८६० नंतरचा निघतो, म्हणजे बहुधा अंदमान. मग जिल्हा. इथे नवखा माणूस हमखास फसतो, म्हणून मुद्दाम सांगतो. आपण आज रायगड जिल्ह्यात आहोत. १९८१ पूर्वी ह्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. पण कर्जत तालुका, आणि त्याचा पेटा असलेले खालापूर, हे कुलाब्यात आले ते १८९१ मध्ये. त्याआधी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पनवेलदेखील १८८३ पर्यंत ठाण्यातच. तेव्हा १८७० किंवा १८८० मधला खालापूरचा कैदी कुलाब्याच्या कागदात शोधाल तर जन्मभर सापडणार नाही. त्याला ठाण्याच्या सेशन कोर्टाच्या कामात आणि मुंबई सरकारच्या न्यायखात्याच्या खंडांत शोधायचा. हे खंड मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत. अर्ज करावा लागतो, ओळखपत्र लागते, आणि धूळ सोसावी लागते.

अंदमानच्या बाजूचे पुष्कळ कागद १९४२ ते १९४५ च्या जपानी अंमलात नष्ट झाले. म्हणून इकडून निघालेला कागदच आपल्या उपयोगाचा.

एक गोष्ट मात्र मी त्या मुलाला भीत भीतच सांगितली. अंदमानात चांगल्या वागणुकीच्या कैद्याला काही वर्षांनी तुरुंगाबाहेर राहून शेती किंवा धंदा करण्याची परवानगी मिळे, आणि कैदी स्त्रीशी लग्नही करता येई. त्या लग्नांची मुले, नातवंडे, पणतवंडे आज पोर्ट ब्लेअरच्या आसपास आहेत. त्यांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. त्यांच्या घरांत मराठी, बंगाली, पंजाबी, तमिळ रक्ते मिसळली, आणि बोली हिंदुस्थानी झाली. तेव्हा तुझा माणूस तिकडे एकटाच मेला असेल असे धरून चालू नकोस, म्हटले. कदाचित तिथेही कोणी त्याचे श्राद्ध करीत असेल, आणि त्यांना खालापूरचे नाव ठाऊक नसेल.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, हे आजीला सांगू का?"

"सांग की," म्हटलं. "तिचाच माणूस आहे."

गेल्या काही महिन्यांत तो कर्जतहून सकाळची गाडी पकडून चार वेळा मुंबईला जाऊन आला. खंडांच्या सूच्या पाहिल्या, दरोड्यासाठी शिक्षा झालेल्यांची नावे वहीत उतरवून आणली. त्यांतली तीन त्याच्या गावाच्या जवळपासची आहेत. एकाच्या बापाचे नाव घराण्यातल्या एका नावाशी जुळते, पण तेवढ्यावरून हाच तो असे म्हणता येत नाही, आणि मी त्याला म्हणूही दिले नाही. शोध चालू आहे.

परवा तो एक वेगळाच प्रश्न घेऊन आला. आजीने विचारायला सांगितले होते. कागदात तारीख सापडली तर पंचांगातून तिथी काढता येईल. पण मग अमावसेचा घास बंद करायचा, की दोन्ही दिवशी ठेवायचा? इतकी वर्षे तो अमावसेलाच येत असेल, तर त्या दिवशी पान रिकामे कसे ठेवायचे?

मी म्हटलं, "बाबा रे, हे माझ्या विषयात येत नाही. ते आजीलाच ठरवू दे."